महेश्वर डाव्या हाताला येते

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. माझी आई ७४ वर्षांची आहे आणि तिचे माहेर महेश्वरचे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला भाचीचे लग्न आहे. गुडघ्यांमुळे आईला रात्रभराचा बसचा प्रवास आता झेपत नाही, म्हणून या वेळी विमानाने जायचे ठरले आहे. तिचा हा पहिलाच विमानप्रवास. ठरल्या दिवसापासून ती एकच विचारते, ‘वरून नर्मदा दिसेल का गं?’ माझा मुलगा म्हणतो की सव्वा तासाच्या प्रवासात जागेसाठी जादा पैसे कशाला भरायचे, खिडकी कुठलीही घेतली तरी आकाशच दिसणार. आम्ही तिघे आहोत. खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची, सकाळचे विमान बरे की दुपारचे, आणि पैसे भरावेत की नाही, हे कृपया सांगावे.
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार. आधी नेमके उत्तर देतो आणि कारणे मागाहून सांगतो. आईंसाठी डावीकडची, म्हणजे ‘ए’ अक्षराची खिडकी घ्या. ती विमानाच्या पुढच्या भागातली, पंखाच्या बरीच पुढे असलेली घ्या. दुपारी दीडनंतर सुटणारे विमान मिळत असेल तर तेच निवडा. आणि या एका जागेसाठी पैसे भरा. तुमच्या मुलाचे म्हणणे एरवी मी मान्य केले असते, पण या प्रवासात आईंना जे पाहायचे आहे ते विमान सुटल्यापासून आठ-दहा मिनिटांत येते आणि येते तसे मागेही पडते. त्या वेळी पट्टा बांधून बसण्याची सूचना बहुधा चालूच असते, उठून दुसऱ्या खिडकीपाशी जाता येत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तर नाहीच. जागा चुकली तर ती चूक विमानात बसल्यावर सुधारता येत नाही.

घरात शाळेचा जुना नकाशासंग्रह असेल तर तो उघडा आणि शिवणाचा एक दोरा इंदूरपासून पुण्यापर्यंत ताणून धरा. विमान अगदी दोऱ्यासारखे सरळ जात नाही. हवाई मार्ग आखून दिलेले असतात आणि नियंत्रण कक्षाच्या सूचनेप्रमाणे वाट थोडी इकडेतिकडे सरकते, तरीही खिडकीची बाजू ठरवायला दोरा पुरेसा आहे. हा दोरा दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला कलून जातो आणि नर्मदा ओलांडतो ती जवळजवळ महेश्वरावरूनच. नकाशावर मोजले तर महेश्वर या रेषेच्या पूर्वेला अवघ्या तीन-चार किलोमीटरवर आहे. दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या माणसाची पूर्व डाव्या हाताला असते, म्हणून डावी खिडकी. मंडलेश्वर नदीच्या वरच्या अंगाला, आणखी पूर्वेला आहे, तेही डावीकडेच. उजव्या खिडकीतून नदी दिसणार नाही असे नाही, कारण ती पूर्व-पश्चिम वाहते आणि विमान तिला आडवे जाते. परंतु उजवीकडे दिसेल तो खलघाटचा पूल आणि त्याच्या पुढचे, बडवानीच्या दिशेने सरदार सरोवराच्या फुगवट्यात मिसळत जाणारे पाणी. नर्मदा म्हणून ते दर्शनही मोठेच आहे, पण ते तुमच्या आईंचे माहेर नाही.

आता ही आठ-दहा मिनिटे कशी जातात ते थोडे सविस्तर सांगतो, म्हणजे शेजारी बसून तुम्हाला आईंना वेळेवर सांगता येईल. आपल्या विमानतळाची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे आणि विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उडते. ते पश्चिमेकडे उडाले तर जमीन सुटताच डावीकडे सिरपूरच्या तलावाचे पाणी चमकते. मग विमान डावीकडे वळू लागते आणि वळताना त्याचा डावा पंख खाली कलतो, त्यामुळे डाव्या खिडकीत आकाश उरतच नाही, सगळी जमीनच भरते. पीथमपूरच्या कारखान्यांची लांबलचक निळी-पांढरी छपरे याच वळणात दिसतात. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला या कलण्याची भीती वाटते, म्हणून ते होणार आहे हे आईंना आधी सांगून ठेवा. विमान पूर्वेकडे उडाले तर ते शहरावरून जाते आणि उजवीकडे वळते. तेव्हा पहिली दोन-तीन मिनिटे डाव्या खिडकीत निव्वळ आकाश असेल. त्याने हिरमुसायचे कारण नाही, पुढची वाट तीच आहे.

महू मागे पडले की माळव्याचे पठार संपत आल्याचे वरून स्पष्ट कळते. इथपर्यंत जमीन सपाट असते, गव्हा-हरभऱ्याचे चौकोनी हिरवे तुकडे आणि मधूनमधून काळी नांगरट. मग एकाएकी पठाराची कड येते, दऱ्या हाताच्या बोटांसारख्या आत शिरलेल्या दिसतात, आणि विंध्याची ती उतरण साडेतीनशे-चारशे मीटर खाली निमाडात उतरते. जाम दरवाजाहून ज्यांनी खाली निमाड पाहिले आहे त्यांना ही कड ओळखू येईल, आणि तुमच्या आई तर माहेरी जाता-येता तो घाट कितीदा उतरल्या-चढल्या असतील. ही कड दिसली की त्यांना सांगा, ‘आता पुढे बघ.’ इथून नदी दोन-तीन मिनिटांवर असते. पुढच्या रांगेतल्या खिडकीचा खरा उपयोग इथे होतो. महेश्वर रेषेच्या इतके जवळ आहे की विमान नदीवर पोचल्यावर ते जवळजवळ पोटाखाली जाते आणि तेव्हा कपाळ काचेजवळ नेऊन खाली पाहावे लागते. त्याआधी एखादे मिनिट मात्र ते डाव्या अंगाला तिरके पुढे, पूर्णपणे नजरेच्या टप्प्यात असते.

विमान त्या वेळी साधारण सहा किलोमीटर उंचीवर असेल. एवढ्या उंचीवरून माणसे दिसत नाहीत, होड्याही बहुधा दिसणार नाहीत, पण हात लांब करून धरला तर नर्मदेचे पात्र दोन-तीन बोटांएवढे रुंद भरेल आणि किल्ला अंगठ्याच्या एका पेराएवढा. गाव ओळखायची खूण अशी : नदीचा उत्तर काठ धरून घरांची दाट वस्ती, तिच्या कडेला किल्ल्याचा काळसर चौथरा, आणि पाण्यालगत घाटांची फिकट रेघ. नदीच्या खालच्या अंगाला सहस्रधारेचे खडक आहेत. पाणी उतरलेले असेल तर तिथे पात्र एकसंध न दिसता चिरफळ्या झाल्यासारखे दिसते. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत जिथून राज्य पाहिले ते ठिकाण, त्यांचेच नाव दिलेल्या विमानतळावरून उडून दहा मिनिटांत पेराएवढे होऊन खिडकीत यावे, याचे मला स्वतःला दर वेळी नवल वाटते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विमानाची वाट त्या दिवशी दहा-बारा किलोमीटर पूर्वेला सरकली तर महेश्वर उजवीकडे जाईल. याचा अंदाज घ्यायचा असेल तर फ्लाइटरडार २४ या संकेतस्थळावर तुमच्या विमानाचा क्रमांक टाकून त्याच विमानाच्या गेल्या काही दिवसांच्या वाटा नकाशावर पाहता येतात. तुमचा मुलगा हे पाच मिनिटांत करून देईल. चार-पाच दिवसांच्या वाटा पाहा. बहुतेक दिवशी महेश्वर डावीकडे पडत असेल तर निश्चिंतपणे ‘ए’ घ्या. उलटे दिसले तर माझे ऐकू नका, ‘एफ’, म्हणजे उजवीकडची खिडकी घ्या.

वेळेविषयी. बाजूइतकाच सूर्यही महत्त्वाचा असतो आणि जागा घेताना त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य आग्नेयेला उगवतो. सकाळी आठ-नऊच्या विमानात डावी खिडकी नेमकी त्याच दिशेला असते, म्हणजे ऊन थेट डोळ्यांत, काचेवरचा प्रत्येक ओरखडा उजळलेला, आणि खाली निमाडात नदीकाठचे धुके अजून उठलेले नाही अशी स्थिती. सकाळच्या उन्हात एकच गोष्ट दुपारपेक्षा सुंदर दिसते. पाणी आरशासारखे ऊन परतवते आणि मंडलेश्वरच्या वर नर्मदेचा एखादा पट्टा क्षणभर वितळलेल्या चांदीसारखा पेटतो. ते पाहण्यासारखे आहेच, पण त्या झगमगाटात घाट आणि किल्ला मात्र ओळखू येत नाहीत, आणि आईंना तेच ओळखायचे आहेत. दुपारी साधारण दीड वाजल्यानंतर सूर्य विमानाच्या उजव्या अंगाला जातो. डाव्या खिडकीत मग ऊन येत नाही, पण खालची जमीन मात्र उजळलेली असते. शिवाय महेश्वरचे घाट उत्तर काठावर, दक्षिणेकडे तोंड करून आहेत आणि हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेला कललेला असतो, म्हणून त्या पायऱ्यांवर दुपारी सरळ ऊन पडते. तीन-साडेतीनच्या सुमारास सावल्या लांबू लागतात आणि विंध्याच्या दऱ्या अधिक खोल दिसतात. अडीच ते चारच्या दरम्यानचे विमान मिळाले तर मी दुसरा विचार करणार नाही.

महिना तुम्ही योगायोगाने चांगला निवडला आहे. पावसाळ्यात हीच वाट बहुतेक ढगांवरून जाते. मात्र पावसाळ्यात सकाळचे विमान असेल तर उजवी खिडकी घ्यावी, सूर्याच्या विरुद्ध बाजूला ढगांवर विमानाच्या सावलीभोवती रंगांचे गोल कडे दिसण्याची शक्यता असते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्याला इंद्रवज्र म्हणतात, तेच हे. उन्हाळ्यात धुळीने सगळे पिवळट होते आणि दुपारी तापलेल्या हवेमुळे विमान हलतेही जास्त.

आता रांग. सहा जागांच्या रांगा असलेल्या एअरबस ३२० जातीच्या विमानात पंख साधारण दहाव्या रांगेपासून विसाव्या रांगेपर्यंतची खिडकी व्यापतो. ही गोष्ट मी फार वाईट रीतीने शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्या आत्याला घेऊन मी इंदूरहून मुंबईला निघालो होतो. ‘खिडकीची जागा’ एवढेच पाहून पंधराव्या रांगेतली खिडकी घेतली. आत्या अंगावर शाल सारखी करून, हात जोडून नर्मदेची वाट पाहत बसली होती आणि खिडकीभर राखाडी पत्रा होता. ‘हे केव्हा सरकेल?’ असे तिने दोनदा विचारले. ते सरकणारे नव्हते. म्हणून सांगतो, दुसऱ्या रांगेपासून आठव्या रांगेपर्यंतची खिडकी घ्या. पहिल्या रांगेत समोर भिंत असते आणि हातातली पिशवी पायाशी ठेवू देत नाहीत. आईंना औषधाची पिशवी जवळ लागत असेल तर ती रांग नको. अगदी मागच्या रांगांतूनही जमीन दिसते, पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे पंखामागचे दृश्य चुलीवरच्या वाफेतून पाहिल्यासारखे थरथरते. संकटकालीन दाराच्या रांगा पाय पसरायला ऐसपैस असल्या तरी त्या ज्येष्ठांना देत नाहीत आणि त्या पंखावरच असतात. काही जातींच्या विमानांत एखाद्या रांगेला खिडकीऐवजी नुसती भिंत असते, त्यामुळे जागा निवडताना विमानाची जात तिकिटावर पाहून त्या जातीचा आसन-नकाशा एकदा नजरेखालून घालावा.

तिकिटावर एटीआर ७२ असे लिहिलेले दिसले तर मला तुमचा हेवा वाटेल. हे पंख्यांचे लहान विमान पुष्कळ लोक टाळतात. त्याचा पंख खिडकीच्या वर असतो, ते जेटपेक्षा कमी उंचीवरून आणि सावकाश जाते, आणि म्हणून नर्मदा त्यातून मोठी आणि जास्त वेळ दिसते. त्यात एका रांगेत चारच जागा असतात, डावी खिडकी तिथेही ‘ए’च. फक्त फिरत्या पंख्याच्या आणि इंजिनाच्या नेमक्या समोरच्या रांगा सोडाव्यात.

खिडकीबद्दल दोन बारीक गोष्टी. विमानाची खिडकी साध्या काचेची नसून पारदर्शक प्लास्टिकच्या थरांची असते आणि मधल्या थराला खालच्या बाजूला एक बारीक भोक असते. वर गेल्यावर त्याच्याभोवती हिमाच्या सुया जमतात. हे भोक हवेचा दाब सांभाळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते, खिडकी फुटलेली नाही, हे आईंना सांगा. आतली बाजू मऊ, कोरड्या रुमालाने पुसून घ्या, कारण आधीच्या प्रवाशाने कपाळ टेकवलेले असते आणि तो तेलकट डाग दुपारच्या उजेडात बरोबर नदीवर येतो. आईंचा उन्हाचा चष्मा पोलराइज्ड असेल तर तो पर्समध्येच राहू द्या. त्यातून या प्लास्टिकवर जांभळे-हिरवे पट्टे दिसतात. साधा चष्मा मात्र गळ्यात हवाच. फोटो तुम्ही किंवा मुलाने काढावेत, आईंच्या हातात फोन देऊ नये. त्या एक-दोन मिनिटांत त्यांनी पडद्याकडे नव्हे, खाली पाहावे. फोन खिडकीच्या जवळ धरा, पण टेकवू नका, थरथर उतरते. गडद रंगाची शाल डोक्यावरून खिडकीवर ओढून घेतली तर आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब फोटोत येत नाही. पुण्याचे लोहगाव हे हवाईदलाचे विमानतळ आहे, तिथे छायाचित्रणाला मनाई असते. उतरताना फोन आत ठेवा आणि खिडकीची झडप खाली करण्याची सूचना झाली तर ती पाळा.

पैशांबद्दल मुलाला एवढेच सांगा की तिन्ही जागांचे पैसे भरायचे नाहीत. ‘ए’ आणि तिच्या शेजारची ‘बी’ एवढ्या दोन घ्या. आईंना पट्टा बांधायला आणि ‘ते बघ’ म्हणायला तुम्ही शेजारी असायला हव्यात. फुकट मिळेल म्हणून वेब चेक-इनची वाट पाहिली तर पुढच्या खिडक्या तोवर गेलेल्या असतात. मुलाची जागा चेक-इनमध्ये जी मिळेल ती, पण ‘एफ’ मिळाली तर उत्तम, कारण त्या बाजूला पाहण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते नर्मदेनंतर सुरू होते. दोरा पुढे सातपुडा ओलांडून तापीवर येतो, मग साने गुरुजींच्या अमळनेराजवळून, कोपरगावाशी गोदावरीवरून आणि शिर्डीवरून जातो. शिर्डीच्या पुढे उजव्या क्षितिजावर सह्याद्रीची रांग उभी राहते आणि हवा स्वच्छ असेल तर १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे टोक आणि हरिश्चंद्रगडाचा आडवा माथा निळ्या कापडातून कापून काढल्यासारखे दिसतात. सव्वा तासात नर्मदा, तापी आणि गोदावरी या तीन नद्या ओलांडल्या जातात. आकाशच दिसणार म्हणणाऱ्या मुलाने हे निदान एकदा मोजून पाहावे.

गुडघ्यांसाठी व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच, निदान ४८ तास आधी नोंदवा. तिचे पैसे पडत नाहीत आणि अशा प्रवाशांना बहुधा आधी आत घेतात, त्यामुळे आईंना धक्काबुक्की न होता खिडकीशी बसता येईल. प्रवासाच्या आदल्या दिवशी जागा पुन्हा एकदा तपासा. विमान बदलले तर रांगही बदलून येते, आणि तसे झाले तर काउंटरवर पहिल्यांदाच, नम्रपणे पण ठामपणे सांगा की आईंना डावीकडची पुढची खिडकी हवी आहे.

परतीचे तिकीट काढताना हात सवयीने पुन्हा ‘ए’वर जाईल. तो थांबवा. येताना तोंड उत्तरेकडे असते, महेश्वर उजवीकडे येते, म्हणून परतीला ‘एफ’ घ्या. आणि परतीचे विमान सूर्यास्तापूर्वी नर्मदेवर पोचेल असे घ्या, डिसेंबरात इंदूरला पावणेसहाच्या आसपास सूर्य मावळतो. खाली उतरायला सुरुवात झाल्याची घोषणा साधारण नदीच्या आधीच होते. ती ऐकू आली की आईंना झोपेतून उठवा.